देवाला न चालणाऱ्या कळ्या

मंडळी, आज सकाळी माजिवड्याच्या फुलवाल्याकडे आयरिसच्या मिटलेल्या जांभळ्या कळ्या दिसल्या आणि मी तिथेच रडले.

त्र्याण्णव साली माझं बाळ पोटातच गेलेलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने अशीच जुडी आणलेली. म्हणाली, "आशेचं फूल आहे."

सासूबाई म्हणाल्या, "कळ्या देवाला चालत नाहीत." वाटलं, आता फेकणार. त्यांनी देठ तिरके कापले, स्टीलच्या ग्लासात थोडं पाणी घेतलं आणि कळ्या माझ्या उशाशी ठेवल्या. "तुला चालतील."

सुनेला परवाच हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आणलंय. आज सकाळच्या कळ्या त्याच ग्लासात घालून तिच्या उशाशी ठेवल्या.

तिने विचारलं, "आई, या फुलतील ना?"

तुम्ही काय सांगितलं असतंत?