खुर्ची मागणारी ताई

आमच्या घरात खुर्ची नव्हती. परभणी जिल्ह्यातल्या एका गावाच्या कडेला आमची वस्ती आणि वस्तीच्या शेवटच्या ओळीत आमचं पत्र्याचं घर. वडील वीटभट्टीवर कामाला गेले आणि तिथंच तापानं वारले. मी तेव्हा रांगत होतो. आई कापूस वेचायची, खुरपायला जायची, तेही नसलं की रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. चूल, चार भांडी, एक पत्र्याची पेटी आणि गोधड्या, एवढाच संसार. एकदा शाळेतले गुरुजी घरी आले तर उंबऱ्याबाहेर उभ्यानंच बोलून गेले, कारण त्यांना ‘बसा’ म्हणावं असं घरात काही नव्हतं. पाव्हणा येणार असला की वस्तीतल्या बुद्धविहारातली लोखंडी घडीची खुर्ची मागून आणायची आणि तो गेला की पुसून परत द्यायची. हे काम माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं.

म्हणूनच की काय, पुढं आयुष्यभर ताई जिथं गेली तिथं तिनं पहिल्यांदा खुर्ची मागितली. चहा नंतर, ओळख नंतर, खुर्ची आधी.

खरं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते मला ताईनं नाही, आईनं सांगितलं. ग्रामपंचायतीची एक जागा आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव निघाली तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी आईचं नाव घातलं. आई कुणाला उलटून बोलत नसे, एवढीच तिची पात्रता त्यांनी पाहिली. “नावापुरती उभी राहा, बाकी आम्ही बघतो,” असं तिला सांगितलं. आई बिनविरोध निवडून आली. सभेला बाकीचे सदस्य खुर्च्यांवर, आणि आई दाराजवळ, काढून ठेवलेल्या चपलांच्या शेजारी, खाली फरशीवर. रजिस्टर तिच्यापुढं यायचं, शिपाई बोट ठेवायचा, आई तिथं सही करायची. सही तिला ताईनंच शिकवलेली.

ताई तेव्हा सातवीत होती. एका सभेच्या दिवशी तिनं विहारातली खुर्ची डोक्यावर घेतली आणि भर गावातून चालत पंचायतीच्या कचेरीत गेली. कारभाऱ्यांच्या ओळीत ती खुर्ची उघडून म्हणाली, “आई, बस.” आईनं पदर पुढं ओढला. “काय करायलीस गं? लोकं बघायलेत. घेऊन जा घरी.” ताईनं खुर्ची मिटली, डोक्यावर घेतली आणि आली त्याच रस्त्यानं परत गेली. दुसऱ्या दिवसापासून गावात तिचं नाव ‘खुर्चीवाली’ पडलं. पोरं ओरडायची, बाया पदराआड हसायच्या. ताई यावर कधी फार बोलली नाही. एकदाच म्हणाली, “जाताना जड नव्हती रे ती. येताना जड झाली.”

सरकारी दवाखान्यात नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर तिला बघायला लोक आले. मुलाकडचे पाच जण उसन्या आणलेल्या खुर्च्यांवर, आणि ताईसाठी पाट मांडलेला. ताईनं पाटाकडं पाहिलं आणि शेजारच्या मामींना म्हणाली, “अजून एक खुर्ची मिळेल का?” मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, “मुलीनं पाटावर बसायचं असतं गं.” ताई म्हणाली, “मग मुलालाही पाट द्या, दोघं सारखे बसू.” ते स्थळ चहा संपायच्या आत उठलं. आणखी दोन स्थळं अशीच गेली. पुढं कुणी लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, “मला नवरा नको असं नाही. बसायला जागा ठेवणारा पाहिजे.” तसा कुणी आला नाही आणि तीही कुणासाठी थांबली नाही.

ती सिंगापूरला एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आली, आणि तिच्या पगारावर मी इंजिनिअरिंग केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी छाती काढून सांगतो, आणि ती छाती कुणाच्या जिवावर काढतो हेही तितक्याच मोठ्यानं सांगतो. मला सिंगापुरातच, तुआस या कारखान्यांच्या भागात नोकरी लागली तेव्हा ती सेरंगूनला एका फ्लॅटमधल्या खोलीत भाड्यानं राहायची. मी बॅग घेऊन तिथं पोचलो तर पलंगाशेजारी हिरव्या रेग्झिनची एक लाकडी खुर्ची होती. इथं लोक घर बदलताना चांगलं सामान ब्लॉकच्या खाली ठेवून जातात, त्यातून तिनं ती उचलून आणलेली. “ही तुझी,” ती म्हणाली. “इथं अंग चोरून राहायचं नाही. आपण कामाला आलोय, उपकारावर नाही.”

सिंगापुरात तिला सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपातली एक रीत. जेवण आणायला जाण्याआधी लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जातात, जागा धरली. गर्दी कितीही असो, त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही. ताई ताट हातात घेऊन ते बघत राहायची. “राजू, बघ. एवढंसं पाकीट ठेवलं तरी जागा राखीव होते, आणि लोक मानतात. आईची जागा तर कायद्यानं राखीव होती.” मग हसून म्हणायची, “आईनं तेव्हा टिश्यू ठेवायला पाहिजे होता बघ.”

मराठी मंडळींत तिचं खुर्ची मागणं हा चेष्टेचा विषय होता. एकदा ओळखीच्या एका घरी बारसं होतं. कॉन्डोच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, सगळ्या बायका मांडी घालून. ताईनं आत येताच विचारलं, “खुर्ची आहे का हो?” यजमानीणबाई काळजीनं म्हणाल्या, “अगंबाई, गुडघे दुखतात का?” ताई म्हणाली, “छे, गुडघे ठणठणीत आहेत. सवय आहे.” मग त्या खुर्चीवर बसून तिनं बाळ मांडीवर घेतलं आणि सगळ्यांत खड्या आवाजात पाळणा म्हटला. माझी बायको नंतर मला हळूच म्हणाली, “ताईंना सांगा ना जरा, लोक ‘मॅडम’ म्हणतात त्यांना.” ताईनं ते ऐकलं. “म्हणू दे की. गावात खुर्चीवाली म्हणायचे, इथं मॅडम म्हणतात. बढतीच आहे.”

ही खुर्ची ती फक्त स्वतःसाठी मागत नसे. वॉर्डात पेशंटला काही अवघड सांगायचं असलं की ती आधी स्टूल ओढायची, पेशंटच्या नजरेला नजर येईल अशी बसायची, मगच बोलायची. घाईत असलेल्या तरुण डॉक्टरांनाही ती स्टूल पुढं करायची. “उभ्यानं सांगितलेलं माणसाला ऐकू येत नाही. त्याला वाटतं, हा आता निघाला.” सेंगकांगला मी राहतो तिथं आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटीला नवऱ्याच्या आजारपणात ताई भेटली, त्या दिवसापासून आजतागायत ती मला विचारते, “युअर सिस्टर, दॅट सिट-डाऊन नर्स, हाऊ इज शी, आह?”

मग ताईला इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात काम मिळालं. चांगी विमानतळावर तिला सोडायला गेलो तेव्हा तिच्याकडं दोनच बॅगा होत्या. “खुर्ची तुझ्याकडं राहू दे,” ती म्हणाली. “आई येईल तेव्हा तिला त्यावर बसव.” हे काम मला काही जमलं नाही. आई माझ्याकडं दर वर्षी काही महिने येऊन राहते, पण घरात सोफा असून, हिरवी खुर्ची असून, ती बसते ती दाराजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी, खाली. “मला इथंच बरं वाटतंय,” म्हणते. फोनवर ताई विचारायची, “बसली का?” मी म्हणायचो, “नाही.”

इंग्लंडात काही वर्षं झाली, तिला कायमचं राहण्याची परवानगी मिळाली. तिथं आपल्यासारख्या राष्ट्रकुलातल्या माणसाला अशा परवानगीनंतर स्थानिक निवडणुकीला उभंसुद्धा राहता येतं. तिच्या बरोच्या कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, निवडणूक लागली. एका पक्षाच्या माणसानं तिला गळ घातली. ती राहायची त्या वॉर्डात त्यांचा पक्ष कधीच निवडून येत नसे. मतपत्रिकेवर कुणाचं तरी नाव असावं, एवढंच त्यांना हवं होतं. ताईनं मला फोन केला. आवाज वेगळाच होता.

“राजू, तो काय म्हणाला माहितेय? जस्ट युअर नेम, म्हणाला. काही करायला नको, फिरायला नको, फक्त नाव दे.”

“मग?”

“मग काय! नावापुरती माझी आई उभी राहिली, तेवढं बास. मी म्हटलं, उभी राहीन, पण खरी राहीन.”

सुट्टीच्या दिवशी ती घरोघरी फिरू लागली. तिथली पद्धत अशी, की कार्यकर्ता बेल वाजवतो, दारात उभ्यानं दोन वाक्यं बोलतो, पत्रक देतो आणि पुढच्या दाराला जातो. ताईला ते जमेना. कुणी दार उघडलं की ती विचारायची, “मी जरा बसू का?” पक्षाच्या माणसानं डोक्याला हात लावला. एका संध्याकाळी अर्धी गल्लीसुद्धा होत नव्हती. त्यानं तिला समजावलं, की आत जाऊन बसायचं नसतं, वेळ जातो. ताई मला म्हणाली, “दारात उभं राहून मागतात ती भीक. आत बसून, त्यांचं ऐकून मागतात ते मत. ह्याला कोण सांगणार?” बऱ्याच लोकांनी दार लावून घेतलं. पण एकटे राहणारे म्हातारे तिला आत बोलवायचे, चहा द्यायचे. बसचा थांबा घरापासून लांब नेलाय, बाकडं काढून टाकलंय, बस येईपर्यंत उभं राहवत नाही, असं सांगायचे. बाकड्याची गोष्ट तिच्या मनाला फार लागली.

त्या वर्षी ती हरली. थोडक्या मतांनी, दुसरी आली. पक्षाच्या माणसाचा तर विश्वासच बसेना. आई तेव्हा माझ्याकडंच होती. फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, “जाऊ दे गं बाई. झालं ना तुझं? ये आता घरी.”

मग ताई म्हणाली, “आई, ह्या खेपेला खुर्ची परत न्यायची नाही.”

तिच्या बरोमध्ये सगळ्या जागांची निवडणूक एकदम होत नाही, थोड्या थोड्या जागांची जवळजवळ दर वर्षी होते. त्यामुळं पुढच्याच वर्षी ती त्याच वॉर्डात पुन्हा उभी राहिली, आणि ज्या घरांत आधी बसली होती तिथं पुन्हा जाऊन बसली. एका आजोबांनी म्हणे तिच्यासाठी खुर्ची आधीच दाराशी आणून ठेवली होती.

निकाल शुक्रवारी. तिकडं दुपार, इकडं संध्याकाळ. मी तुआसहून लवकर निघालो, तरी एमआरटी मेट्रोचा तो लांबचा प्रवास काही आखडता येत नाही. घरी आलो तर माझी मुलगी लॅपटॉपपुढं, कौन्सिलचं निकालाचं पान उघडून. बायको चहा करून तो प्यायचा विसरलेली. आई दाराजवळ खाली, मेथी निवडत. एकेका वॉर्डाचा निकाल येत होता, ताईच्या वॉर्डापुढची जागा रिकामीच. ताईचा निरोप आला, “फरक फार थोडा आहे. परत मोजतायत.” आईनं विचारलं, “काय म्हणाली?” मी सांगितलं. आई म्हणाली, “आमच्या वेळेला मोजायचं कामच नव्हतं.” आणि पुन्हा मेथी निवडू लागली. पण मी बघत होतो, ती निवडलेलीच काडी परत परत निवडत होती.

मुलगी एकदम ओरडली, “पापा! आत्या विन ऑलरेडी, लाह!”

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. मागं एखाद्या शाळेचा असावा तसा मोठा हॉल, लांब लांब टेबलं, लोकांचा गलका, आणि मधे ताई. केस विस्कटलेले, डोळे लाल. मी फोन आईपुढं धरला.

आई तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “तिथं बसायला खुर्ची असती का गं?”

“असती आई. पुढं माझ्या नावाची पाटी पण असती.”

“मग बस हो नीट. आणि कुणी सही मागितली तर आधी वाचून बघ.”

“बघते.”

फोन ठेवल्यावर आईनं मेथीची पाटी बाजूला सारली, भिंतीला हात लावून उठली, पदरानं हात पुसले. ती चालत आली आणि हिरव्या खुर्चीवर बसली. आधी अगदी कडेवर, मग सरकून मागं टेकून. मुलीनं फोटो काढून आत्याला पाठवला. मी खाली लिहिलं, “बसली.”

ताई आता इंग्लंडमधल्या त्या बरोची कौन्सिलर आहे. बसथांब्यावरचं बाकडं तिनं परत बसवून घेतलं. आमच्या घरातून सभेवर निवडून गेलेली ती दुसरी बाई. खुर्चीवर बसलेली पहिली.