जसुबेनचा फोन आणि आईचा पाय

हसणार असाल तर हातातला चहा आधी खाली ठेवा, अंगावर सांडेल. माझ्या हातून असा गाढवपणा झालाय, की सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या गल्लीत लोक अजून मला बघून तोंडाला रुमाल लावतात!

गेल्या वर्षी आईचा खुबा बदलला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "सांधा नवा आहे, त्याला काही होत नाही. पण भोवतालचं हाड जुनंच आहे, ठिसूळ. आजी पडल्या तर ते सांध्याच्या कडेनं मोडेल, आणि ते जोडणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड."

झालं! तेव्हापासून घरात वाटी पडली तरी माझ्या काळजाचा ठोका चुकतो.

मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवतात तिथं, सुपरवायझर. मशिनींच्या घरघरीत तिथं स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. अशात शेजारच्या जसुबेनचा फोन. आवाज रडवेला.

"भाई, माफ करजो! एमने लीधे बाना..." घर्रर्र... "पायो तूटी गयो!"

एमने लीधे म्हणजे यांच्यामुळं, आणि बा म्हणजे माझी आई. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी!

"हलावता नहीं!" मी ओरडलो. "सीधो राखजो!"

"सीधो ज छे, भाई. नीचे बे ईंट मूकी छे."

विटा? माझ्या आईच्या पायाखाली विटा?

"चिंता न करो. सुथार आवे छे, खीलो मारी देशे."

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी डोकं चालवायचं! अहो, सुथार हे आडनाव इकडे ढिगानं. मला वाटलं, कुणी हाडवैद्य असेल. आधीच आत एवढं लोखंड, त्यात हा आणखी खिळा ठोकणार!

"खीलो नथी मारवानो!" मी असा किंचाळलो, की मिलमधले कामगार धावत आले. तेवढ्यात फोन कटला.

ॲम्ब्युलन्सला घरचा पत्ता दिला आणि बाईक काढली. रस्ताभर एकच डोळ्यांपुढे. ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा भिंत धरून गॅलरीपर्यंत गेली होती, आणि लहान पोरासारखी हसली होती. ते सगळं पुन्हा? या वयात? हेल्मेटच्या आत रडत होतो, खोटं कशाला सांगू!

घरात शिरलो तर खाटेशी एक माणूस पाठमोरा वाकलेला. हातोडा उगारलेला! मी झेप घालून त्याचा हात धरला.

"खबरदार! आईला हात लावलास तर!"

तो घाबरून म्हणाला, "कोनी आई?" म्हणजे कुणाची आई!

"काय व्हयनं रे, भाऊ?" मागून आमच्या खानदेशी अहिराणीत आवाज आला.

आई! खिडकीशी खुर्चीत बसून, बशीतून चहा पीत! शेजारी जसुबेनचे यजमान कांतिभाई मान खाली घालून उभे. देह म्हणाल तर गव्हाचं पोतं. आईची विचारपूस करायला आले, खाटेवर टेकले, आणि खाटेचा पाय गेला.

हो, खाटेचा! गुजरातीत माणसाच्या पायाला पग म्हणतात. पायो असतो तो खाटेचा. आणि सुथार म्हणजे निव्वळ सुतार! मी जन्मलो सुरतेत, शिकलो गुजराती शाळेत. आता बोला!

तरी मी आईला उठवलं, दारापर्यंत चालवलं, परत आणलं. "कुठं दुखतंय?"

"मना पाय धड शे," ती म्हणाली. "तुनं डोकं दुखस का?"

काय सांगू, जीव भांड्यात पडला. मी धपकन खाली बसलो. कुठं? त्याच खाटेवर!

सुतार "अरे अरे" म्हणेपर्यंत विटा सरकल्या, दुसरा पाय मोडला आणि मी माकडहाडावर जमिनीवर. ब्रह्मांड आठवलं! नेमके तेव्हाच ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन दारात.

"पेशंट कोण छे?"

सगळ्यांनी बोट दाखवलं. आईनं सर्वांत आधी.

दवाखान्यात मी पालथा, आणि आई काठी टेकत स्वतःच्या पायांनी पुढं. एक्स-रे निघाला. हाड शाबूत, नुसता मुका मार. डॉक्टर तेच. ते आईच्या चालण्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "वा आजी! आणि हे कसे पडले?"

आई शांतपणे म्हणाली, "मले वाचाडाले उना, नि तोच पडना!"