मानाची कुऱ्हाड

साल २०२२. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वर्षीच्या होळीला माझ्या घराचा मान गेला. गेला म्हणजे हरवला नाही. दिवसाढवळ्या, देवळाच्या पायरीवर बसून, चहा पीत पीत गावानं तो काढून घेतला. आता लोक सांगतात की म्हाताऱ्यानंच हट्ट केला. हट्ट केला, नाही म्हणत नाही. पण कशापायी केला ते कुणी सांगत नाही, म्हणून मी चौथी शिकलेला माणूस पेन घेऊन बसलोय.

आमचं गाव पेण तालुक्यात, गागोद्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत झाडतोड. आज्यापासून हेच. कुणाचा आंबा वठला, कुणाला घराच्या लाकडासाठी ऐनाचं झाड पाडायचं, की मालक आमच्या दारात. मालकाचा शब्द आणि जंगलखात्याचा परवाना असल्याशिवाय आम्ही पानाला हात लावला नाही. दोन कुऱ्हाडी, दोघांनी ओढायची करवत आणि दोर. लाकूड पेणच्या वखारीत जायचं. शिमगा झाला की करवतीला तेल लावून ती माळ्यावर, आणि आम्ही शेतात.

एक तिसरी कुऱ्हाड होती. ती देव्हाऱ्याशेजारी फडक्यात गुंडाळलेली असायची. तिचं वर्षातून एकच काम, होळीचं झाड. आमच्या गावात होळीला सावर लागते. तिच्यावर पहिला घाव आमच्या घरचा. मग घराघरातला एकेक माणूस आपापल्या कुऱ्हाडीनं घाव घालतो, तोवर पोरं दोर बांधतात, खांदे लावून उभी राहतात. झाड पडतं ते पोरांच्या खांद्यावर. जमिनीला टेकू द्यायचं नाही. टेकलं की ती होळी बाद. आणि पहिल्या घावाचं आम्हाला काय? नारळाचं अर्धं भकल. बस. एका वर्षी माझ्या बापाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यानं डाव्या हातानं घाव घातला, पण दुसऱ्याला घालू दिला नाही. असा तो मान.

माझा मुलगा रोह्याला कंपनीत होता, कंत्राटी. तिथंच जवळ वरसे गावात खोली घेऊन राहायचा, कारण सासुरवाडी तिथलीच. टाळेबंदीत कंपनीनं शिफ्ट कमी केल्या आणि हा घरी आला. त्याच जूनमध्ये ते चक्रीवादळ झालं. कौलांवर आंबे आडवे, तारांवर माड, गोठ्यांवर फणस. ज्यांनी जन्मभर आम्हाला झाडांचे यमदूत म्हटलं, त्यांचेच फोन. "भाऊ, आधी आमच्याकडं या. म्हातारी अडकलीय." मुलगा गेला. उधारीवर मशीनची करवत घेतली आणि तो अख्खा पावसाळा पेण ते रोहा फिरला. पावसाळा संपला तेव्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, आता कंपनी नको. हाच धंदा करतो, बारा महिने."

"बारा महिने झाडं पाडलीस तर तेराव्या महिन्यात काय पाडशील? डोंगर?"

"पाडायची कमीच. वठलेली, घरावर झुकलेली काढायची, ओंडके आणून चिरायचे. पेणला गणपतीवाल्यांना खोकी लागतात, पाट लागतात. ते काम कधी सरतंय?"

मी नाहीच म्हटलं. त्यानं केलंच. हट्ट कुठून आला ते सांगायला नको. सासऱ्याच्या जागेत वरशाला वखार टाकली, जुना टेम्पो घेतला, दोन माणसं ठेवली आणि दारावर पत्र्याचा बोर्ड लावला. बोर्डावर माझं नाव! मला न विचारता! त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. बोर्ड वाकडाच लागलेला.

"शेजारी फोटो पण लाव माझा," मी म्हणालो, "आणि हार घाल. मेलेल्याचंच नाव लावतात असं."

"अवो, पोरानं मान दिलाय तुम्हाला," बायको म्हणाली.

"मान मला गाव देतं. पत्रा नाय देत गो."

त्या वखारीत पाय ठेवणार नाही, असं मी तेव्हाच सांगून टाकलं, आणि पुढं दीड वर्ष ठेवलाही नाही.

आता होळीचं. होळीआधी देवळात बैठक बसली. मंडळाचा अध्यक्ष तरुण पोरगा, कंपनीत सुपरवायझर, हातातला मोबाइल कधी खाली जाणार नाही. तो मला म्हणाला, "काका, यंदा कुऱ्हाड-बिऱ्हाड नको. तुमच्याकडं मशीन हाय. दोन मिनटात काम. मजुरी मंडळ देईल."

"कसली मजुरी?"

"तोडायची. तुमचा आता धंदा हाय ना? फुकट कशाला करायचं?"

लोक हसले. मी विचारलं, "तुझ्या घरी पूजा असली की तीर्थ प्यायची मजुरी देतोस काय रे लोकांना?"

यावर हसू थांबलं असतं. पण खालच्या आळीचा म्हातारा तिथं होता. माझ्याच वयाचा, आम्ही गुरं एकत्र राखलेली. तो शांतपणे म्हणाला, "रागावू नको गड्या. वर्षाला चार झाडं पाडत होतास तवा तो मान होता. आता तुझ्या घरी रोज झाड पडतं. जो रोज तोडतो त्याला मान कसला? तो ठेकेदार. पहिला घाव आता दुसऱ्या घराला जाऊ दे."

"तू रोज जेवतोस," मी म्हणालो, "म्हणून दिवाळीचा फराळ बंद करायचा का तुझा?"

पण माना हलल्या होत्या. मी पाहिलं ना. ज्यांच्या छपरावरची झाडं माझ्या मुलानं भर पावसात उतरवली, त्यांच्याही हलल्या. पहिला घाव खालच्या आळीच्या म्हाताऱ्याला दिला. आणि वर तो म्हणतो, "तेवढी होळीची कुऱ्हाड पाठव हां घरून."

"कुऱ्हाड गावाची नाय. माझ्या आज्यानं घडवून घेतलीय," असं म्हणून मी उठलो. चहा तसाच ठेवला.

घरी बायको म्हणाली, "द्या की. देवाचं काम हाय."

"देवाला इतकी वर्षं माझं घर बरं आठवत होतं."

"तुमचा देव नि तुमचा राग एकाच देव्हाऱ्यात बसतात," ती म्हणाली आणि पुरणाच्या डाळीला लागली.

होळीच्या सकाळी मुलगा वरशाहून टेम्पो घेऊन आला. त्याला गावाच्या वळणावरच गाठला होता मंडळाच्या लोकांनी. माझी कुऱ्हाड मिळत नाही म्हटल्यावर त्यांना पुन्हा मशीन आठवली. घाव खालच्या आळीचा म्हातारा नावापुरता घालणार, बाकी मशीन. मुलानं माझ्यापासून लपवलं नाही, ते एक बरं केलं.

"बाबा, जातो मी. पैसे नाय घेणार. पण याच लोकांत राहायचंय, यांचीच कामं करायचीत."

"ज्यांनी मान काढला त्यांच्या दारात चाललास?"

"तुमचा मान गेला, मला कळतं. माझं पोट जायला नको."

"गेलास तर माझ्याशी बोलू नको."

तो गेला. मी ओटीवर बसून राहिलो. दुपार कलली तरी बसलो होतो. मग ओढ्याच्या बाजूनं मशीन चालू करून बघितल्याचा आवाज आला, आणि पाय आपले आपणच निघाले. सावरीपासून थोडं लांब, शेताच्या बांधामागं उभा राहिलो. कुणाला दिसू नये म्हणून.

सावर लाल फुलांनी भरलेली. खालच्या आळीच्या म्हाताऱ्यानं नारळ फोडला, कुऱ्हाड टेकवल्यासारखी केली आणि बाजूला झाला. घराघराच्या घावांचं नाव नाही. पोरं दोर अजून उलगडत होती. मुलानं हात वर केला. "थांबा, दोर बांधू द्या."

अध्यक्ष मोबाइल धरून उभा. "लाव रे तू! ऊन चाललंय, व्हिडिओ काळा येईल."

मुलानं एकदा पोरांकडं पाहिलं. मग लावली मशीन.

कुऱ्हाडीला वेळ लागतो, आणि त्या वेळातच आमची होळी असते. कुणी घाव घालतो, कुणी त्याची टर उडवतो, म्हातारे ओरडतात, पोरं खांदे लावतात. झाड करकरायला लागेपर्यंत सगळे जागेवर असतात. मशीननं तो वेळच खाल्ला. सावर एकदम गेली. पोरं बाजूला पळाली, आणि पळाली तेच बरं, नाहीतर कुणी जिवाला मुकलं असतं. झाड सपाट जमिनीवर. फुलं ओढ्याच्या चिखलात.

मशीन बंद झाली. मग बायकांतून एकजण म्हणाली, "काय गो बाय, आता यंदाच्या पावसाचं काय!" आणि खालच्या आळीचा म्हातारा म्हणाला, "धंद्याचा हात लागला. दुसरं काय व्हायचं?"

सगळे माझ्या मुलाकडं बघायला लागले. तो मशीन धरून उभा, मान खाली. म्हणाला, "माझं चुकलं."

तिथं माझं डोकं फिरलं. बांध ओलांडून मी मधोमध गेलो.

"काय चुकलं रे तुझं? मशीन मागायला कोण आलं? घाई कुणी केली? याला व्हिडिओ पायजे होता!" मग म्हाताऱ्याकडं वळलो. "आणि तुझ्या छपरावरचा फणस काढला तवा हा हात धंद्याचा नव्हता? तवा तर देवासारखा आलास म्हणालास!"

"तू कुऱ्हाड दिली असतीस तर हे झालं नसतं," तो म्हणाला.

"दिली असती तरी तू काय घाव घालणार होतास? नुसती टेकवलीस तू! माझ्या बापानं एक हात मोडलेला असताना घाव घातला होता!"

त्यावर उत्तर गावानं दिलं. गाव मला सोडून दुसरी सावर बघायला निघून गेलं. ती त्यांनी साध्या कुऱ्हाडींनी तोडली, खांद्यावर झेलली, होळी लागली. मी गेलो नाही. नारळ कुणी आणून दिला नाही.

दिवेलागणीला मुलगा अंगणात मशीन पुसत बसला. शेवटी तोच म्हणाला, "बाबा, वखार बंद करतो. कंपनीतल्या कंत्राटदाराला उद्या फोन लावतो. गावात तोंड दाखवता येत नसंल तर काय करायचाय धंदा?"

दीड वर्ष मी हेच ऐकायला टपलो होतो. आणि ऐकलं तर असा संताप आला की हातातली तपकिरीची डबी मी अंगणात फेकली.

"कोण बोललं म्हणून बंद करतोस? ते?"

"तुम्हीच बोलत होतात ना इतके दिवस!"

"मी बोलेन! मी बाप हाय तुझा. ते कोण लागून गेले?"

बायको दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळवड. त्या दिवशी आमच्याकडं कुणी कामाला हात लावत नाही. मी पहाटेच उठलो, अंघोळ केली, देव्हाऱ्याशेजारची कुऱ्हाड फडक्यासकट काखेत घेतली आणि टेम्पोत पुढं जाऊन बसलो. मग हॉर्न दाबला तो मुलगा बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

"अवो, आज कोण जातं कामाला?" बायको ओरडली.

"ज्यांना मान नाय ते जातात. ठेकेदार!"

वळणावर अध्यक्ष आणि त्याची पोरं रंग घेऊन आडवी आली. मला बघून अध्यक्ष जरा चपापला. "काका, लावू का थोडा?"

"लाव. लवकर लाव. आम्हाला काम हाय."

त्यानं माझ्या गालाला बोट लावलं. मुलानं गाडी काढली. पेण, नागोठणं करत वरशाला पोचलो तोवर ऊन वर आलं होतं. वखारीला कुलूप, माणसं सुट्टीवर. मी आधी मुलाला शिडीवर चढवलं आणि तो वाकडा बोर्ड खालून बघत बघत सरळ करून घेतला. मग आत गेलो, फडकं सोडलं, आणि होळीच्या कुऱ्हाडीनं समोरच्या आंब्याच्या ओंडक्यावर पहिला घाव घातला.