खोडलेले दहा इलेक्ट्रॉन

आज नववीच्या वर्गातच चाचणीचे पेपर तपासत होते. प्रश्न साधा होता. सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात, तर त्याच्या धन आयनात (Na⁺) किती? अधिकचं चिन्ह बघून बहुतेकांनी एक वाढवला आणि बारा लिहिले. खरं तर एक गेलेला असतो, उरतात दहा.

यवतमाळहून यंदाच कात्रजला आलेल्या मुलीने दहा लिहून खोडलं होतं आणि पुढे बारा केलं होतं.

"का गं खोडलंस?"

"बाजूच्या सगळ्यांचं बारा होतं, मॅडम. मले वाटलं, माह्यंच चुकलं."

'मले' ऐकून मागचे बाक हसले. रोजच हसतात.

खोडलेल्या उत्तराला मार्क नाहीत, हा माझाच नियम. आज मोडला. तुम्ही काय केलं असतं?

उद्या सोडियम तीच शिकवणार आहे, तिच्या भाषेत. ज्यांना हसायचंय, त्यांनी आधी इलेक्ट्रॉन मोजावेत.