जन्माचं ठिकाण

छप्पन साली दिग्रसहून बस सुटली तेव्हा याडी, म्हणजे माझी आई, खिडकीशी येऊन सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, "तिकडं उपाशी नको राहू बापा, आन् कोणाशी भांडू नको!" मी अमेरिकेला कापसाच्या बियाण्याचं शिकायला निघालो होतो, भर मेमध्ये लोकरी सूट घालून. निम्मी माणसं सूट बघायलाच आली होती.

आता इथं टेक्सासात नोकरी आहे, मोटार आहे. ज्वारी मात्र गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते. दुकानदार दर खेपेला विचारतो, "गाय कशी आहे?" मी म्हणतो, "बरी आहे."

मग नागरिकत्वाचा फॉर्म आला. त्यावर शब्द होता 'नॅचरलाइझ'. शब्दकोश काढला. अर्थ, परक्याला इथलाच करून घेणं. उगम लॅटिन, मुळाशी 'जन्म'. म्हणजे हे सरकार मला टक्कल पडल्यावर पुन्हा जन्माला घालणार होतं! पण आधी पहिला जन्म कुठं झाला ते सांगा म्हणे.

आमचे बा बैलांवर मीठ लादून फिरायचे. तांडा थांबेल तिथं पोर व्हायचं. मी थोरल्या भावाला लिहिलं, याडीला विचार. तिनं त्याच्याकडून उत्तर लिहवून घेतलं, "मुकुटबनच्या वाटेवर, नाल्याकाठी, मोहाखाली. पर जागा कायले पायजे तुले? घर बांधून राह्यला का?"

आमच्यात जागा विचारतो तो वसायलाच. हे मी विसरलो होतो. आणि जागा खरी कशाला हवी, ते कळवायचा धीर झाला नाही. फॉर्मवर 'मुकुटबन' लिहिलं, उजवा हात वर केला, जुन्या देशावरची निष्ठा सोडली. न्यायाधीशानं हसून अभिनंदन केलं.

तिकडं याडीनं बैलगाडी जुंपायला लावली. तो मोह शोधला, तिथल्या पाटलाच्या पाया पडून जागा मागितली आणि स्वतः झुडपं तोडत बसली. भाऊ लिहितो, "आयकतच नाही. साऱ्याइले सांगते, माहा पोरगा अमेरिकेहून इथं राहाले येऊन राह्यला."

माझ्यासारखे जे गेले, त्यांना घर म्हणजे काय विचारलं तर ते गावाचं नाव सांगतील. माझ्यापाशी भावाचं शेवटचं पत्र आहे, दोन महिन्यांपासून टेबलावर पडलेलं. "याडीनं अंथरूण धरलं. ती एकच विचारते, दाराचं तोंड कोणीकडं ठेवू? लवकर कळव."

रोज कागद घेतो. 'पूर्वेला' एवढंच लिहितो, आणि फाडून टाकतो.