चाळीस मिनिटांचा तुलुगाक

कॅनडाच्या पार उत्तरेला, कुगारुकच्या विमानतळावर सामान उतरवणारा तुलुगाक एकाच विषयावर नाकाने कांदे सोलायचा. "तालोयोआक? हवेतून एकशे नव्वद किलोमीटर. चाळीस मिनिटं!" कुणी विचारो न विचारो. विमान चालवायचा दुसराच, पण पंख जणू याच्याच काखेतून फुटलेले.

त्या वसंतात त्याच्या लेकीने, सियासीने, सीलच्या कातड्याचे हातमोजे शिवले. तिथली रीतच होती, मुलीची पहिली शिवण तिच्या सुइणीला द्यायची, तीही सुईण जिवंत असताना. तरच पोरीच्या हाताला गुण येतो. सियासीची सुईण उलायु तालोयोआकला राहायची आणि म्हातारीने आता अंथरूण धरलं होतं.

"मामा उद्या बर्फावरून स्नोमोबाइलने तिकडे निघतोय. मी त्याच्याबरोबर जाते," सियासी म्हणाली.

"त्या खटाऱ्यावर? हाडं खिळखिळी करून घ्यायला? तुझा मामा निम्म्या वाटेत असेल तोवर मी तिथे चहा पिऊन परत येईन. आण ते हातमोजे इकडे!"

"दाजी," तिचा मामा नाटाक म्हणाला, "धुकं पण मिनिटं मोजतं का हो?"

"तू तुझ्या खटाऱ्याचं घसरणं सांभाळ."

पोर आत गेली आणि पुडकं बांधून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मामाच्या मागे बसून निघूनही गेली. तुलुगाक दार धरून हसत होता.

त्या दिवशी विमान आलंच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. महाराज पुडकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. चाळीस मिनिटांत तालोयोआक आलंसुद्धा, पण ते होतं धुक्याखाली. विमानाने दोन घिरट्या घातल्या, दक्षिणेला तोंड वळवलं आणि या शहाण्याला थेट हजारावर किलोमीटर लांब यलोनाईफला नेऊन उतरवलं. तिथून नाटाकच्या खटाऱ्यानेही घर गाठता आलं नसतं.

हॉटेलात त्याने पुडकं सोडलं. आत एकच हातमोजा होता, डावा. त्याने घाबऱ्याघुबऱ्या उलायुच्या घरी फोन लावला.

म्हातारीचा आवाज चिरकला होता, जीभ मात्र शाबूत होती. "पोर काल आली रे. उजवा हात छान उबदार झाला माझा. ती तुला चांगली ओळखून आहे. डावा तू आणतोयस ना? चाळीसच मिनिटं ना? थांबते मी."

ती थांबली नाही. धुकं हटून तुलुगाक तालोयोआकला उतरला, तोवर तिला उजव्या हातातल्या हातमोज्यासकट पुरून वर दगड रचले होते. बैल गेला नि झोपा केला. तो मान खाली घालून कबरीपाशी गेला आणि डावा हातमोजा दगडांवर ठेवायला वाकला. सियासीने तो त्याच्या हातातून काढून घेतला, दगडांच्या फटीत स्वतः नीट सारला आणि मामाच्या मागे खटाऱ्यावर जाऊन बसली.

"पोरी, मीही येतो तुमच्याबरोबर," तुलुगाक म्हणाला.

"कशाला, बाबा? हाडं खिळखिळी होतील. तुम्ही या विमानाने."