मिठाच्या पाण्याचा ताप

जाड चामडी हातमोजे घालून उंदराला धरणारा माणूस भित्रा असतो आणि धोकादायकही, असं आमच्या प्राणिगृहाचे दादा म्हणत. हातमोज्यातून आपण किती दाबतोय ते कळत नाही. बरगड्या उंदराच्या मोडतात आणि आपण मात्र सुखरूप. मी पहिल्याच दिवशी नेमके तेच हातमोजे मागितले होते.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नवऱ्याची बँकेने कलकत्त्याला बदली केली, म्हणून लग्नानंतर मी पुण्याहून थेट तिकडे गेले. डमडमला दोन खोल्यांचं घर, त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. माझ्याकडे एम.एस्सी.ची पदवी होती आणि घरी बसायचा स्वभाव नव्हता. खटपट करून मी औषधांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून चिकटले, तेही कच्च्या बोलीवर. काम जमलं तर कायम, नाही तर रामराम.

दादा साठीला टेकलेले, किडकिडीत, धोतर आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घालणारे. बागबाजारहून रोज चालत येत. बंद असला, ट्राम-बस काही नसलं, तरी येत, कारण बंदच्या दिवशीही उंदरांना भूक लागते. त्यांनी मला उंदीर धरायची रीत शिकवली. तळहात उंदराच्या पाठीवर अलगद ठेवायचा, अंगठा आणि बोटं पुढच्या पायांखालून घ्यायची, मागच्या अंगाला दुसऱ्या हाताचा आधार द्यायचा. शेपटीच्या टोकाला धरून लोंबकळवायचं तर नाहीच. कातडी सोलून हातात येते. घट्ट धरलं तर श्वास कोंडतो, सैल धरलं तर चावतो. “आस्ते, दिदिमोणी, आस्ते,” म्हणजे हळू, ताई, हळू, हे त्यांचं पालुपद. तेव्हा सिरिंज काचेच्या होत्या आणि सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. दादा प्रत्येक सुई दगडावर घासत आणि कापसाच्या बोळ्यातून ओढून बघत. एक तंतू जरी अडकला तरी सुई परत दगडावर.

टोचायचं पोटात. उंदराचं डोकं किंचित खाली झुकवायचं म्हणजे आतडी छातीकडे सरकतात. सुई पोटाच्या खालच्या भागात, त्याच्या उजव्या बाजूला. आधी दट्ट्या जरासा मागे ओढून बघायचा. लाल, पिवळं किंवा हिरवट काही आत आलं तर सुई बाहेर काढायची आणि नव्याने सुरुवात करायची. महिन्याभरात मला हे सगळं यायला लागलं. निदान मला तसं वाटत होतं.

आमचा प्रयोग तापावरच्या एका पाल्याच्या अर्काचा होता. काही उंदरांना अर्क टोचायचा, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि मग तासातासाने सगळ्यांचं तापमान घ्यायचं. मिठाच्या पाण्याने काहीच व्हायला नको, कारण त्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची असते. माझ्या मिठाच्या पाण्याच्या उंदरांना मात्र ताप यायचा! थोडाथोडका नाही, चांगला अंशभर, आणि रोज.

“मिठाच्या पाण्याने ताप आणणाऱ्या जगात तुम्ही पहिल्याच,” आमचे सर म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आधी मी पाण्यावर संशय घेतला. पाण्यात जंतूंचा अंश राहिला तरी ताप येतो, म्हणून ते पुन्हा गाळलं, पुन्हा उकळलं. तेच पाणी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने वापरलं, तर त्याचे उंदीर थंडगार. तो मला म्हणाला, “बोर्गी आले की आमच्या उंदरांनासुद्धा ताप भरतो.” बोर्गी म्हणजे मराठे स्वार. पूर्वी त्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन कलकत्तेकरांनी बागबाजारपासून खंदक खणला होता. खंदक कधीच बुजला, टोमणा काही बुजला नाही. एरवी मी हसले असते, पण त्या दिवशी त्याच्याशी भांडले. सरांनी मला पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर आकडे सुधारले नाहीत, तर माझे उंदीर दुसऱ्याच्या हाती जाणार होते आणि मी डमडमच्या गॅलरीत वाळवणं राखत बसणार होते.

मग मी उंदरांकडे नीट बघायला लागले. दादा पिंजऱ्याजवळ गेले की ते जाळीशी येऊन नाकं हलवत. मी गेले की झाकण उघडायच्या आधीच कोपऱ्यात एकावर एक ढीग! मी त्यांना हात लावण्याआधीच त्यांना माझी भीती वाटत होती. ते बघून मला खरंच रडू आलं, कारण एव्हाना माझा त्यांच्यावर जीव जडला होता.

“दादा, मी काय चुकतेय? धरणं चुकतंय की टोचणं?”

“धरणं छान आहे, दिदिमोणी. टोचणंही छान आहे.” एवढं बोलून ते सुया घासायला लागले.

“मग काय?” मी चिडून विचारलं.

त्यांनी कोनाड्यातून किल्ल्यांचा जुडगा काढला. तो नेहमी फडक्यात गुंडाळलेला असायचा, आणि खिशात नाणी घेऊन कुणी आत आलं की दादा त्याला बाहेर पिटाळत. त्यांनी फडकं सोडलं आणि पिंजऱ्यासमोर जुडगा एकदाच हलवला. उंदरांचा कोपऱ्यात ढीग झाला. मग जुडगा गुंडाळून ठेवला आणि ते माझ्या मनगटांकडे बघत राहिले.

दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या काचेच्या बांगड्या. मला त्यांचा आवाज ऐकूसुद्धा यायचा नाही, इतकी सवय झालेली. उंदरांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. मी पिंजऱ्यांच्या खोलीत शिरले की त्यांच्या दृष्टीने भांड्यांची फळीच कोसळत असणार, आणि घाबरलेल्या उंदराचं अंग तापतं.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

मी भडकले. माझी नोकरी जायची वेळ आली आणि हा माणूस गप्प! मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत एवढंच म्हणाले, “एयोस्त्रीर हात खाली कोरते की कोरे बोलि?” सवाष्णीला हात रिकामे कर म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? त्यांच्या घरीही बायकोच्या हातात सौभाग्याच्या शंखाच्या बांगड्या होत्या. माझा राग तिथल्या तिथे विरला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “काढून टाक. त्यात काय एवढं?”

“तुमच्या हातात असत्या तर कळलं असतं,” मी म्हटलं.

बांगड्या काढायला मला देवाधर्माची भीती नव्हती. भीती होती ती सासूबाईंची, म्हणजे त्यांच्या रागाची नाही, त्यांच्या चेहऱ्याची. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या तेव्हा माझा नवरा सात वर्षांचा होता. पुढची वीस वर्षं शिवणाचं मशीन चालवून त्यांनी त्याला वाढवलं. माझी एखादी बांगडी वाढली, आमच्याकडे फुटली म्हणत नाहीत, की पुण्याहून आणलेल्या पेटीतली दुसरी लगेच हजर व्हायची. हातात मात्र स्वतः द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या. अशा बाईला सांगायचं तरी कसं, की तुमचा मुलगा धडधाकट असताना मी उंदरांसाठी बांगड्या उतरवते?

म्हणून मी पळवाट काढली. जुन्या साडीची पट्टी फाडून बांगड्या मागे सारल्या आणि त्यांवर गुंडाळली. आवाज थांबला, पण मनगट वळेना. तिसऱ्या दिवशी एक उंदीर पकडीतून फिरला, माझ्या उजव्या अंगठ्याला कडकडून चावला आणि टेबलावर पडला. दादांनी आधी उंदीर तपासला, मग माझा अंगठा. उंदराला काही झालं नव्हतं. माझा अंगठा साबणाने खसाखसा धुऊन पट्टी बांधली. मुदतीचे चार दिवस उरले होते.

घरी गेल्या गेल्या सासूबाईंनी पट्टी पाहिली. “काय झालं गं?”

मग मी सगळं सांगून टाकलं. किल्ल्या, बांगड्या, मिठाचं पाणी, सर, दादांचं गप्प बसणं. त्या तांदूळ निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून आत निघून गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं. थोड्या वेळाने त्या पातेल्यात साबणाचं पाणी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

“हात दे.”

“आई, तुम्हाला चालेल?”

“माझ्या फोडल्या होत्या. बाराच्या बारा, एका दमात. तुझ्या मी काढतेय. दोन्हींतला फरक मला विचार.”

बांगड्या मापात घट्ट बसलेल्या. त्यांनी माझी बोटं जुळवली, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं आणि एकेक बांगडी सोडवत गेल्या. दुखऱ्या अंगठ्याला धक्का नाही, बांगडीला चरा नाही. दादांच्या हाताला जो दाब कळत होता तोच ह्यांच्याही हाताला कळत होता, आणि मी मात्र इतके दिवस शिकवणी बाहेर शोधत होते! बारा बांगड्या फडक्यावर ओळीने ठेवून झाल्या तेव्हा त्यांनी हळदीत बुडवलेला दोरा माझ्या मनगटाला बांधला.

“रिकामा हात नको बाई, माझा मुलगा आहे तो. हा आवाज करत नाही ना?”

“नाही करत.”

“मग झालं. रोज सकाळी मी काढीन, संध्याकाळी मी घालीन.”

दुसऱ्या दिवशी दादांनी तो पिवळा दोरा पाहिला आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला स्पष्ट दिसला. “तुमच्या शाशुडीला माझा प्रणाम सांगा,” म्हणाले. मी पिंजऱ्यापाशी गेले. त्या पहिल्या दिवशी उंदीर कोपऱ्यातच होते, पण ढीग नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघं जाळीशी आले. चौथ्या दिवशी मिठाच्या पाण्याच्या उंदरांची तापमानं सकाळपासून दुपारपर्यंत जिथल्या तिथे राहिली. मी तो कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, पुन्हा बघितला. “पाण्याने अखेर पाण्यासारखं वागायचं ठरवलं वाटतं,” म्हणाले. पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

रोज साबण लावून घट्ट बांगड्या काढताना माझे हात सोलून निघत होते, म्हणून सासूबाईंनी पुण्याहून एक माप मोठ्या बांगड्या मागवल्या. पार्सल आलं तेव्हा त्यातल्या निम्म्या प्रवासातच वाढल्या होत्या. उरलेल्या हातावरून सहज सरकत होत्या.

“आई, आता माझ्या मी घालीन नि काढीन,” मी म्हटलं. “तुम्हाला रोज दोन वेळा त्रास कशाला?”

त्या बांगड्यांवरचा भुसा पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

“घाल की. तुझ्याच आहेत.” त्यांनी बांगड्या माझ्यापुढे सरकवल्या. “तुझ्या लग्नात चुडा भरत होते ना, तेव्हा मी आतल्या खोलीत होते. आम्ही पुढे यायचं नसतं. एकुलत्या एका मुलाची बायको, आणि मी आवाज तेवढा ऐकला. आता रोज तुझ्या हातात घालायला मिळत होत्या, म्हणून जरा सवय लागली. दुसरं काही नाही.”

मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. म्हटलं, “मला नाही हो नीट जमत.”

त्या नोकरीत मी पुढे अकरा वर्षं होते. मला एकदाही नीट जमलं नाही.